उलटा कोट

माझी नणंद अट्रॅक्टा टॅन्सी हिने आयुष्यात पाच पुस्तकं लिहिली, सगळी मुलांसाठी. माझ्या नवऱ्याने, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाने, त्यातलं एकच उघडलं आणि तेही अख्खं वाचलं नाही. तिसऱ्या पुस्तकातलं एक प्रकरण वाचलं, बस. पण ते त्याने जसं वाचलं तसं जगात दुसऱ्या कुणी वाचलं नसेल.

एके काळी डब्लिनच्या कुठल्याही दुकानात शिरलं की दारातच त्या हिरव्या पुस्तकांचा ढीग असायचा. जपानी भाषेतही ती गेली. त्यातलं एक आमच्या फळीवर आहे, कुठून उघडायचं ते अजून घरात कुणाला कळलेलं नाही. मग मुलांची आवड बदलली, की प्रकाशकांची, कोण जाणे. सहावं पुस्तक परत आलं. तलवारी कमी पडल्या म्हणे. अट्रॅक्टाने डब्लिनची खोली सोडली आणि ती गावी आली. आमच्याकडे भाऊ शेतातला रस्त्याकडचा तुकडा बहिणीला घरासाठी देतो, तसा फिंटनने दिला. तिथे तिने बैठं घर बांधलं आणि रोज अकरा वाजता आमच्या स्वयंपाकघरात येऊन माझ्या केकला नावं ठेवायला सुरुवात केली.

"डिम्पना, हा केक आहे की बांधावरचा दगड?"

"दोन तुकडे खाल्लेस की दगडाचे."

"भूक होती म्हणून."

मी शाळा सोडली तेव्हा पंधराची होते. पुढचं सगळं मला दर गुरुवारी येणाऱ्या लायब्ररीच्या गाडीने शिकवलं. अट्रॅक्टा म्हणायची, तू शिकली असतीस तर फार त्रासदायक बाई झाली असतीस. मी म्हणायची, घरात एक पुरे.

तिच्या पाचही पुस्तकांतली गढी आमच्याच शेतात आहे. गढी म्हणजे काय, तर मातीचा एक गोल बांध, कुणा जुन्या लोकांनी कधीतरी घातलेला, आणि त्याच्या मधोमध एकच काटेझाड. मेमध्ये पांढऱ्या फुलांनी फुलणारं. माझ्या सासऱ्यांनी जन्मभर त्या गढीला वळसा घालून नांगर फिरवला, फिंटनने ट्रॅक्टर. खाली ती मंडळी राहतात, माणसं नसलेली, झाडाला हात लावला तर सूड घेणारी, असं म्हणतात. फिंटनला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "छे, वेड लागलंय का!" आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरचं चाक आणखी एक हात लांब ठेवलं असतं. आमच्या गावात सगळेच असे. त्या मंडळींना आम्ही कुणीच मानत नाही. फक्त त्यांचं नाव घेत नाही.

अट्रॅक्टाने मात्र घेतलं, पाच पुस्तकं भरून. त्यामुळे मुलं आली. शाळांच्या बसगाड्या आल्या. झाडाला चिंध्या बांधून झाल्या, केसांचे रबर बांधून झाले, एकदा एक मोजा. एका गायीने रबर खाल्लं तेव्हा फिंटन दोन दिवस बहिणीशी बोलला नाही, पण मुलांना कधी हाकललं नाही. पुस्तकांची विक्री थांबली तरी मुलं येत राहिली. मग गॉलवेकडची एक मुलगी फांदीवरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. बापाने वकील लावला. विम्याचा माणूस आला, डोकं हलवत गढीभोवती हिंडला आणि म्हणाला, हे झाड आहे तोवर आम्ही तुमची जबाबदारी घेणार नाही.

नोव्हेंबरातली संध्याकाळ होती, दूध काढून झालं होतं. मी खिडकीशी बटाटे सोलत होते. फिंटन साखळीची करवत घेऊन गढीवर चढला. करवत खाली ठेवली, टोपी काढली. मग कोट काढला, आतली बाजू बाहेर केली आणि तसाच अंगात घातला. ते लाल चौकड्यांचं अस्तर मीच शिवलेलं, म्हणून मला लांबूनही दिसलं. आमच्याकडे धुक्यात कुणी शेतात वाट चुकला, त्याच त्याच कुंपणाशी परत यायला लागला, की कोट उलटा करून घालतो. मग त्या मंडळींना माणूस ओळखू येत नाही, असं म्हणतात.

झाड लवकर पडलं. तो घरात आला, कोट तसाच उलटा दारामागच्या खिळ्याला टांगला आणि जेवायला बसला. मी बटाटे वाढले. तो म्हणाला, "मीठ." मी मीठ दिलं.

तो हिवाळा कडक होता. झाडाचं लाकूड गढीवर पडून होतं, चांगलं जळणारं, महिनाभर शेकोटी पेटली असती. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण त्यातली एक काटकी मी घरात आणली नाही. कोटही खिळ्यावरून काढला नाही.

नाताळानंतर फिंटनला पाव गिळताना त्रास व्हायला लागला. आधी कडा सोडायला लागला. मग चहात बुडवून खायला लागला. मी म्हणाले, "दात दुखतोय का?" तो म्हणाला, "हो." दात कवळीचे होते. एका रविवारी मी प्रार्थनेहून परत आले तर तो बाहेरच्या खोलीत, जिथे फक्त फादर आले तर बसतात तिथे, चष्मा लावून बसलेला. मांडीवर हिरवं पुस्तक. पान उघडं होतं ते मला पाठ आहे. गढीवरचं झाड तोडणाऱ्या शेतकऱ्याचं. आधी त्याच्या घशाशी भाकरी थांबली, असं आहे त्यात. मग पाणी थांबलं. आणि मे महिना सरायच्या आत, कुंपणावरची पांढरी फुलं गळायच्या आत, त्यालाही नेलं.

"हे वाचलंस तू?" फिंटनने मला विचारलं.

"वाचलंय. सगळ्या आयर्लंडने वाचलंय."

"मग मला कुणी सांगितलं कसं नाही?"

मी त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं. स्लायगोच्या हॉस्पिटलात त्याच्या घशातून कॅमेऱ्याची नळी घातली. अन्ननलिकेत गाठ होती, वाईट जातीची, पण वेळेत सापडली होती. डब्लिनचा सर्जन काढून टाकेल, बरे होतात यातून माणसं, असं तिथली डॉक्टरबाई माझा हात धरून म्हणाली. तारीख मिळाली मार्चमधली.

फिंटन म्हणाला, "बघू."

आमच्याकडे "नाही" असं कुणी म्हणत नाही. "बघू" म्हणतात.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अट्रॅक्टा आली तेव्हा मी केकसुद्धा काढला नाही. सांगून टाकलं. ती भावासमोर खुर्ची ओढून बसली.

"फिंटन, माझ्याकडे बघ. ते मी रचलंय."

"असेल."

"असेल नाही, आहे. डब्लिनच्या खोलीत बसून रचलंय. प्रकाशक म्हणाला, तिसऱ्या पुस्तकात थोडी भीती हवी. त्या आठवड्यात माझा घसा धरला होता, थुंकीही गिळवत नव्हती, म्हणून मी त्याचा घसा धरला. गुडघा दुखत असता तर लंगडा केला असता!"

"बाबा सांगायचे ही गोष्ट."

"बाबा? बाबांनी जन्मात गोष्ट सांगितली नाही. बाबा हवामान सांगायचे."

"तू डब्लिनला होतीस. मला सांगितली. इथेच, ह्या चुलीपाशी. भाकरी घशाशी थांबली, मग पाणी थांबलं, हे असंच म्हणाले. शब्दन् शब्द."

"ते माझे शब्द आहेत, गाढवा!"

"तुझ्याकडे कुठून आले मग?" फिंटन शांतपणे म्हणाला. "बाबांचेच."

अट्रॅक्टाने माझ्याकडे बघितलं. माझे सासरे वीस वर्षांपूर्वी गेले. मी त्यांना भरवलं, धुतलं, त्यांची बडबड ऐकली. गढीबद्दल ते एकदाच बोलले होते, "तिकडे गवत बरं येतं" असं. पण फिंटनला ते आता चुलीपाशी बसून बहिणीच्या पुस्तकातली वाक्यं बोलताना स्वच्छ दिसत होते. बापाची आठवण पुसून त्या जागी ते प्रकरण बसलं होतं. 

मी फादरना बोलावलं. ते आले, बाहेरच्या खोलीत बसले, म्हणाले, "फिंटन, हे सगळं अज्ञान आहे." फिंटन म्हणाला, "हो, फादर." फादरनी गाडी मात्र रस्त्यावरच ठेवली होती. आत आणायची तर गढीजवळून यावं लागतं. शेजारणी ब्राऊन ब्रेड घेऊन आल्या, गिळता न येणाऱ्या माणसासाठी ब्रेड, आणि "कसा आहेस?" विचारता विचारता एकेकीची नजर खिडकीबाहेर जायची, जिथे झाड नव्हतं तिथे. कुणी एक अक्षर बोललं नाही. बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

मग मी पहिल्यांदाच न बोलावता नणंदेच्या घरी गेले. ती टेबलाशी बसली होती. टेबलावर काही नव्हतं. सहावं पुस्तक परत आल्यापासून ते टेबल तसंच होतं, तिथे ती फक्त कपडे घडी करायची.

"चार पानांत मारलंस ना त्याला," मी म्हणाले. "आता चार पानांत जगव."

"असं होत नसतं, डिम्पना."

"का? मारताना कसं जमलं?"

"मारणं सोपं असतं."

"मला ते काही माहीत नाही. उतारा लिही. जुनं असल्यासारखं लिही. कुणा म्हाताऱ्याकडून ऐकलं म्हण. जगात तो एकटा माणूस आहे जो तुझा शब्दन् शब्द खरा मानतो, आणि तू कपड्यांच्या घड्या करतेस?"

ती रडली नाही. टॅन्सी घरातली माणसं रडत नाहीत, खोकतात. ती बराच वेळ खोकली आणि म्हणाली, "चहा ठेव."

तीन आठवडे ती अकराच्या चहाला आली नाही. तिच्या खिडकीत ती दिसायची, पाठ वाकलेली. मला आशा वाटायला लागली. खोटं का बोलू, मी तेव्हा पुडिंगच्या दोन नव्या कृतीसुद्धा उतरवून घेतल्या, ऑपरेशननंतर मऊ खावं लागतं म्हणून.

मग एक दिवस ती आली. तोंडाला पावडर लावून आली होती. चहा घेतला. आणि अगदी सहज, केकचा तुकडा मोडत म्हणाली, "बॉइल गावाकडचा एक म्हातारा भेटला परवा. नव्वदीचा. त्याच्या आजीकडचं सांगत होता, झाड तोडणाऱ्या माणसाचं." फिंटनने मान वर केली. मी सिंककडे तोंड करून उभी राहिले आणि एकच कप धूत राहिले.

तिने सांगितलं. झाडाच्या बुंध्याशी दोन नवी रोपं लावायची, पहिलटकर गायीचं पहिलं दूध मुळाशी ओतायचं. म्हणजे मंडळींचा राग निवतो. पण घशाला घातलेलं कुलूप तसंच राहतं. ते लोखंडाने उघडतं. त्या मंडळींना लोखंडाचं भय असतं. दूरच्या गावच्या परक्या माणसाने धारदार लोखंड हातात घ्यावं, गळ्याखाली लावावं, की कुलूप उघडतं आणि माणूस नातवंडांची लग्नं बघतो. किती हुशारीने केलं होतं तिने! सर्जनचं पातंसुद्धा त्यात बसवलं होतं. माझ्या हातातला कप थांबला.

फिंटनने सगळं ऐकून घेतलं. मग चहात बोट बुडवून टेबलावर एक गोल काढला.

"ॲटी, हे तुझं आहे."

"कशावरून?"

"ह्यात सगळं बरं होतंय."

"मग? होऊ नये?"

"त्या मंडळींकडून कुणाला काही परत मिळालंय कधी? आणि लग्नं कसली गं त्यात?" तो हसला, प्रेमानेच. "पहिलं ऐकताना माझ्या पाठीवर काटा आला होता. हे ऐकताना मला वाटलं, बिचारीने किती मेहनत घेतलीय."

अट्रॅक्टा उठली, कप माझ्याकडे आणून दिला. तिचं तोंड मला दिसलं, पावडरीसकट. बाहेर जाऊन ती गोठ्याच्या भिंतीशी उभी राहिली. मी मागोमाग गेले.

"बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली. "वाईट लिहिलंय. तीन आठवडे रोज खोडत होते. ते वाईटच राहिलं. ते दुसरं मी एकाच दुपारी लिहिलं होतं, ताप असताना."

ऑपरेशनच्या दिवशी शेजारचा कॅनिस पहाटे गाडी घेऊन आला. मी पिशवी भरून दारात उभी होते. फिंटन म्हणाला, "लाल गाय आज विणार बहुतेक," आणि शेतात निघून गेला. कॅनिसने गाडी बराच वेळ चालू ठेवली. मग बंद केली, मला म्हणाला, "बघू, परत तारीख देतील," आणि नजर चुकवत गेला. गाय पुढच्या आठवड्यात व्याली.

सर्जनकडच्या माणसांनी दोनदा फोन केला. फिंटनने दोन्ही वेळा त्यांना हवामान सांगितलं.

मग मे आला. इतकी फुलं मी कधी पाहिली नव्हती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी काटेझाडांची कुंपणं पांढरीशुभ्र, कपडे वाळत घातल्यासारखी, आणि तो गोडसर, थोडा कुजका वास घरभर. फक्त गढी उघडी. फिंटन दुधावर आणि मटणाच्या पाण्यावर होता. गुरं विकली, ट्रॅक्टर पुतण्याला दिला, मला विजेच्या डब्यातले फ्यूज कसे बदलायचे ते दाखवलं. इतका शांत होता, की मला त्याचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटायचं. एकदा हलवलंही. तो म्हणाला, "हळू गं, हाडं लागतात." अट्रॅक्टा रोज अकराला येऊन त्याच्यासमोर बसायची. दोघं जुन्या शिक्षकांच्या नकला करायचे. फुलं गळायला लागली तेव्हा ती रस्त्याने चालताना खाली बघायची नाही.

एक जूनला सकाळी मी जागी झाले तर शेजारी फिंटन नव्हता. मी जिना कशी उतरले मला माहीत नाही. तो स्वयंपाकघरात उभा होता. खिळ्यावरचा कोट त्याने हातात घेतला होता आणि एकेक बाही ओढून सरळ करत होता. सरळ केला, झटकला, अंगात घातला. त्यात आता असे दोन फिंटन मावले असते.

"मे संपला," तो म्हणाला.

"संपला."

"मी आहे."

"दिसतंय मला."

त्याने खुर्ची धरली. "डिम्पना, डब्लिनच्या त्या माणसाला फोन लाव गं."

अकरा वाजता अट्रॅक्टा आली. तो त्याच कोटात बसला होता. म्हणाला, "तुझंच होतं म्हणजे ते."

"महिनोन् महिने सांगतेय, मूर्खा!" आणि ती इतकी खोकली की मला तिच्या पाठीवर थोपटावं लागलं. ते सगळेच दिवस तसे होते. फिंटनने वाटीभर कस्टर्ड संपवलं. ट्रॅक्टर परत मागावा का, असं विचारलं. नर्सरीतून काटेझाडाचं रोप आणायचं ठरवलं, "कुणासाठी नाही, पुन्हा गायी घेतल्या की त्यांना सावली." अट्रॅक्टा टेबलाशी बसलेली मी दुरून पाहिली, आणि ह्या खेपेस टेबलावर कागद होते.

डब्लिनचा सर्जन तरुण होता आणि चांगला होता. त्याने पडद्यावर चित्रं दाखवली. मार्चमध्ये जी गाठ एका जागी होती ती आता यकृतात होती, आणखी दोन ठिकाणी होती. आता कापून उपयोग नव्हता. त्रास कमी करता येईल, तो म्हणाला. "मार्चमध्ये काही अडचण आली होती का?" त्याने विचारलं, नुसतं समजून घ्यायला. आम्ही तिघं तीन दिशांना बघत होतो.

"गाय विणार होती," फिंटन म्हणाला.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होते, तो शेजारी, अट्रॅक्टा मागे. कुंपणांवरची फुलं तपकिरी होऊन चिकटून राहिली होती. लॉन्गफर्ड आलं. मग फिंटनने काचेतून बाहेर बघत, मान न वळवता म्हटलं,

"चांगलं लिहिलं होतंस, ॲटी."

त्या घरात कुणी कुणाचं कौतुक करत नाही. पाच पुस्तकं झाली, बक्षिसं झाली, पेपरात फोटो आले, तेव्हाही तो एवढंच म्हणाला होता, की फोटोत गोठा वाकडा दिसतोय.  मी आरशात बघितलं. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, आणि हे खोकणं नव्हतं.

मला गाडी थांबवायची होती. पण पुढे गुरं होती, मागे लॉरी होती, आणि दूध काढायची वेळ होत आली होती, जरी आता काढायला गायी नव्हत्या. मी चालवत राहिले.